बडग्याला दिलेला चेहरा

मार्तंड बारापात्रे सरांची चित्रं मला कधीच कळली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत मराठी शिकवायची, ते ड्रॉइंग. स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारी आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीत घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. 'अतिवास्तववाद' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर काढला तेव्हा मी म्हटलं होतं, "सर, आपलं वास्तवच इतकं जड झालंय की उचलवत नाही, त्यात अति कशाला?" ते हसले. कुणी थट्टा केली की ते हसायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याला मी कितीतरी वर्षं सज्जनपणा समजत होते.

बाकी माणूस सरळमार्गी. शाळेच्या गॅदरिंगचा पडदा असो, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा बोर्ड असो, नाही म्हणणं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि खर्रा खात नव्हते. तंबाखू-सुपारी प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरून बसणारे निम्मे पुरुष ज्या गावात आहेत, तिथे एवढ्या एका गोष्टीवर माणसाला मुलगी द्यायला लोक तयार होतात. हर्षाच्या बापानेही तशीच दिली होती.

हर्षा म्हणजे त्यांची बायको. घराच्या पुढच्या खोलीत तिचं फॉल-पिकोचं काम चालायचं. बोलण्याची भारी हौस. बोलायला लागली की मशीन थांबवायची, त्यामुळे सगळ्या नंदनवनाच्या साड्या तिच्याकडे उशिरा मिळायच्या आणि तरी बाया तिच्याकडेच जायच्या. एकुलती मुलगी वैभवी नोकरीला पुण्यात. घर स्वतःचं, गच्चीवर टिनाचं शेड टाकून केलेली सरांची चित्रांची खोली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, या घरात भांडायचं ठरवलं तरी कारण सापडायचं नाही.

ती विचित्र चित्रं सुरू झाली लॉकडाऊनमध्ये. शाळा बंद, सर दिवसभर शेडमध्ये. एकदा हर्षाने मला मुद्दाम वर नेलं. एका चित्रात कळमन्याचं धान्याचं मार्केट होतं, तो मोठा शेड, पण पार रिकामा. मधोमध एकच पोतं. पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं, दाभण तिथेच अडकलेलं, आणि पोत्याचं पोट फुगलेलं, आत कुणी श्वास धरून बसावं तसं. दुसऱ्या चित्रात लग्नाची पंगत होती आणि पंगतीत नवरदेवाचा कोट ताट घेऊन बसला होता. कोटात माणूस नव्हता.

"पाहा मॅडम," हर्षा म्हणाली, "यायले झोप येत नाही म्हनून हे काढून राहिले, अन् हे पाहून मले झोप येत नाही."

मी सरांना विचारलं, "त्या पोत्यात जो आहे तो जिवंत आहे की मेलेला?"

"तेच तं समजून नाही राहिलं, मॅडम," ते म्हणाले. मला वाटलं, कलावंतांची बोलायची रीत असेल. आम्ही तिघंही खाली येऊन चहा प्यालो.

याच काळात सुशील नावाच्या एकाचं सरांकडे येणं-जाणं वाढलं. सुशीलचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्नंच बंद, तर मंडप कुठून? हातात काम नव्हतं, म्हणून तो सरांना चित्रांच्या चौकटी ठोकून द्यायला यायचा. पुढे मंडप सुरू झाले तरी येत राहिला. चाळिशीच्या अलीकडचा, आडव्या अंगाचा, दोन पोरांचा बाप, गालात कायम खर्रा आणि तोंडाची टकळी अखंड. बेसूर गायचा. बांबू असा सोलायचा की पाहत राहावं. तो आला की सरांनाही बोलणं फुटायचं. शेडमधून त्यांच्या हसण्याचा आवाज खाली मशीनपर्यंत यायचा, आणि हर्षा म्हणायची, "चला, आज सायेबाचा मूड आहे." तो यायचा त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालायचे, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि विसरले. पुरुषाला एखादा जिवाभावाचा मित्र असला की बरं असतं, एवढंच तेव्हा वाटलं.

आता बडग्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बायांचे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीच्या मंडळांचे बडगे, म्हणजे पुरुषांचे. वर्षभर ज्या गोष्टीने लोकांना छळलं तिचा बडग्या करायचा, त्याची भरपूर टिंगल करत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लाखो लोक इतवारीच्या रस्त्यांवर उतरतात. खोकला जातो, मच्छर जातात, महागाई जाते, निदान त्या दिवसापुरती.

कोरोनाची दोन वर्षं मिरवणूक धड निघाली नव्हती. त्या वर्षी मोकळेपणाने निघणार होती, त्यामुळे प्रत्येक मंडळ इरेला पेटलेलं. सुशीलच्या मंडळाने विषय घेतला खर्रा. मंडळातले सगळेच खर्रा खाणारे, हे वेगळं सांगायला नको. सांगाडा सुशीलने बांधायचा आणि चेहरा सरांनी रंगवायचा असं ठरलं. कामट्यांचा सांगाडा, त्यावर सुतळी, त्यावर खळीने चिकटवलेली रद्दी, त्यावर कापड. बडग्या दोन माणसांएवढा उंच झाला. एक गाल खर्ऱ्याने फुगलेला, हातात पन्नी. पोळ्याच्या दिवशी दुपारी सरांनी सगळ्यांना दूर पाठवलं, भोवती कनात लावून घेतली आणि एकट्याने चेहरा रंगवला.

दुसऱ्या दिवशी मी आणि हर्षा इतवारीत तिच्या मावसबहिणीच्या दुकानाच्या पायऱ्यांवर उभ्या होतो. गर्दी ही अशी. बडग्या वळणावर आला, आणि आमच्या पुढ्यातलाच एक जण ओरडला, "अबे, हा तं आपला सुशील मंडपवाला!"

आणि होताच. गाल फुगवला म्हणून माणूस लपतो थोडाच? तेच बसकं नाक, तेच थोडे पुढे आलेले दात, एका भुवईच्या वर पुसट डाग. पण नुसता सारखा दिसत होता असं नाही. बडग्याचा चेहरा भेसूर करतात, लोकांनी थुंकावं म्हणून करतात. हा चेहरा सुंदर होता. माझ्यासारख्या चित्रातलं काही न कळणाऱ्या बाईलाही तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटला.

लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. "सरनं सुशीलची बरोब्बर जिरवली!" पोरांनी सुशीललाच उचलून बडग्याच्या शेजारी नाचवला. तो नाचला. स्वतःच्याच नावाने ओरडला. हर्षा टाळ्या वाजवून हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. मी पाहिलं तर ती बडग्याकडे पाहत नव्हती. बडग्याच्या ट्रॉलीच्या मागून सर चालत होते, गर्दीत धक्के खात, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्यांच्याकडे पाहत होती.

"धूर गेला वाटते डोळ्यात," ती म्हणाली.

बडग्या पेटवायला अजून वेळ होता. धूर कुठेच नव्हता.

आठवडाभराने सरांनी मला सगळं सांगितलं. शाळा सुटली होती, ड्रॉइंगच्या वर्गात त्यांनी मला थांबवलं. त्यांनी बसायला सांगितलं, पण स्वतः बसले नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले. सुशील येऊन गेला होता म्हणे. खुर्चीवर बसलाही नाही.

"सर," तो म्हणाला होता, "लोकं हासले त्याचं काही नाही. आपन भी हासलो. पन घरी बायकोनं इचारलं. म्हने, मी तुमच्यासंगं इतके वर्स राहून राहिली, तुमच्या भोवईवर डाग हाय हे मले मालूम नव्हतं. सरायले कसं काय मालूम?" मग म्हणाला, "तुमी चांगले मानूस आहा, सर. मी कोनाले काही बोलत नाही. पन आता मले येनं नाही जमनार."

आणि तो चौकटींचं सामान घेऊन निघून गेला.

"तुमच्या दोघांत काही..." मी विचारलं. विचारताना मलाच लाज वाटली.

"काही नाही, मॅडम. एकदा त्याच्या तळहातात कामटीचं कुसळ गेलं होतं, ते मी काढलं. बस. तेवढा एक हात धरला." मग म्हणाले, "पण मनात काय काय झालं ते विचारू नका."

मी विचारलं नाही. पण ते बोलत राहिले. शाळकरी वयापासून असं होतं. आधी नाव माहीत नव्हतं म्हणून दाबलं, नाव कळलं तेव्हा भीतीने दाबलं, पुढे कायदा बदलला, पेपरात आलं, तोवर मुलगी कॉलेजात गेलेली. पोत्यात कोण आहे, हे आता मला कळलं. सुशीलच्या बाबतीत ते फार वाढलं. तो आला नाही तर जेवण जात नव्हतं. तेव्हा मंडळाने चेहरा रंगवायला सांगितला आणि त्यांच्या डोक्यात आलं, की लोक खोकला पाठवतात, मच्छर पाठवतात, मग आपणही हे पाठवून द्यावं. सुशीलचा चेहरा बडग्याला द्यावा, गावाबाहेर जळू द्यावा, सुटलो. एवढ्या गर्दीत कुणाला काय कळणार आहे?

मी कपाळावर हात मारून घेतला. जन्म नागपुरात गेला आणि या माणसाला हे सुचलं नाही! बडग्या आला की सगळं गाव पहिल्यांदा हेच पाहतं, हा कुणासारखा दिसतो. आमच्याकडे त्यासाठीच तर बडगे पाहायला जातात. लपवायला त्यांना जागा मिळाली तीही अशी.

"आणि गेलं का ते?" मी विचारलं.

"नाही. तो गेला. ते आहे तिथंच आहे."

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही. पण त्याच्या आधी राग आला, हेही खरं आहे. मला हर्षा दिसत होती, मशीन थांबवून बोलणारी.

"मग लग्न कशाला केलंत, सर?"

"सगळे करत होते, मॅडम. वाटलं, केल्यावर होईल ठीक."

"तिला सांगा."

"सांगितलं तं घर मोडते. नाही सांगत तं मी रोज खोटं बोलून जेवतो." ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "मले दोन्ही जमून नाही राहिलं."

मी बॅग उचलली आणि घरी आले. हर्षाला मी काही बोलले नाही, सांगायचं होतं ते त्यांनीच. पण त्यानंतर तिच्याकडे साडी टाकायला गेले की मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नसे. तीही पूर्वीसारखी बोलत नव्हती. मशीन चालूच ठेवायची.

त्या हिवाळ्यात सर एकच मोठं चित्र काढत होते. शाळेतून आले की वर. शेडला आतून कडी. दिवाळीत वैभवी आली, तिलाही वर घेतलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "या वेळी काही शिवून नाही ठेवायचं, मॅडम. तोंड उघडं ठेवायचं." मला भीती वाटायची. माणूस खरं बोलायला तोंडाऐवजी कुंचला घेतो, तेव्हा ऐकणाऱ्याचे हाल होतात.

जानेवारीत सीताबर्डीतल्या एका हॉलमध्ये ड्रॉइंगच्या शिक्षकांचं प्रदर्शन भरलं. सरांनी हर्षाला स्वतः सांगितलं, "तू ये. तुले दाखवाचं आहे." ती मला सोबत घेऊन गेली. जरीकाठाची साडी नेसली होती, केसात गजरा नव्हता पण हातात नवऱ्यासाठी पेढ्यांचा डबा होता. हॉलमध्ये दुपारची वेळ, फारसं कुणी नव्हतं.

ते चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. मी पाहिलं आणि आधी मला बरंच वाटलं, कारण पहिल्यांदाच त्यांच्या चित्रातलं मला काहीतरी ओळखू आलं. ती त्यांचीच पुढची खोली होती. तोच मरून रंगाचा सोफा. तेच शोकेस, वैभवीची बक्षिसं, फ्रिजवरचं फुलाफुलांचं कव्हर, टीपॉयवर हर्षाने विणलेला क्रोशाचा रुमाल, कालनिर्णय, कोपऱ्यातली तिची मशीनसुद्धा, चाकाच्या आऱ्यांसकट. एकही वस्तू सुटली नव्हती. आणि सोफ्यावर कामट्यांचा एक सांगाडा बसला होता, सुतळीने बांधलेला, अजून कागद न लावलेला. हातात चहाची कपबशी. बरगड्यांमधून मागची भिंत आरपार दिसत होती. त्याच्या मांडीवर, प्रसादाची ताटली ठेवावी तसा, सुशीलचा चेहरा ठेवलेला होता. डोळे उघडे. सांगाड्याला स्वतःला चेहरा नव्हता, तरी तो खाली मांडीकडे पाहतोय हे कळत होतं.

हर्षा बराच वेळ पाहत राहिली. हॉलचा शिपाई स्टूल सरकवत होता. सर तिच्या बाजूला उभे. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"हे तुमी," तिने सांगाड्याकडे बोट दाखवलं.

"हो."

"अन् हा सुशील."

"हो."

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "इतवारीत. समजलं अन् मी म्हटलं, नाही समजलं." मग तिने पुन्हा चित्र पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हरवलेली सुई शोधावी तसं. "याच्यात मी कुठं आहो?"

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. त्या तऱ्हेच्या चित्रात कोणतीही वस्तू काहीही असू शकते. पोतं म्हणजे माणूस, कोट म्हणजे नवरदेव. त्यांनी नुसतं म्हटलं असतं की तो क्रोशाचा रुमाल म्हणजे तू, ती मशीन म्हणजे तू, भिंतीवर पडलेलं ऊन म्हणजे तू, तर तिने मान्य केलं असतं. मान्य करायचंच होतं तिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, रुमाल म्हणा सर, रुमाल म्हणा.

"नाहीस," ते म्हणाले.

पेढ्यांचा डबा तिने हळूच शिपायाच्या टेबलावर ठेवला. रडली नाही.

"मंग मी इतके वर्स कोनाच्या घरी राहून राहिली होती?"

"आपल्याच घरी, हर्षा."

"मी होती," ती म्हणाली. "तुमी तिथं नव्हते."

दुसऱ्या दिवशी ती कळमेश्वरला भावाकडे गेली. भाऊ तिथल्या एमआयडीसीत सुपरवायझर. शेजारपाजारी सांगितलं, वहिनीची तब्येत बरी नाही. जाताना मी आणि सर दोघंही बसस्टॉपवर होतो. बस लागली, पिशवी वर चढवली, आणि पायरीवरून ती वळली.

"तुमी खोटं बोलले असते तं मी थांबली असती," ती त्यांना म्हणाली. "पन खरं बोलले, त्याचा मी राग नाही करत. तुमचं मन जिथं आहे तिथं आहे, ते मी वढून आनू नाही शकत. मले तेवढंच सांगा की त्या घरात मीबी होती. माह्यं एक चित्र काढा. फोटो पाहून नाही, आठवून. मी असल त्याच्यात, तं मी येतो परत. नवरा-बायको म्हनून नाही तं नाही, दोन मानसं म्हनून राहू."

नागपूरच्या बायका 'येतो, जातो' म्हणतात, लहान पोरींसारखं. ते ऐकून मला भडभडून आलं. सर होकाराची मान डोलावत राहिले.

मी त्यांना त्यानंतर रोज बजावत होते. माझा स्वभाव तसा आहे, मागे लागले की सोडत नाही. काढा, लवकर काढा. मला वाटत होतं, यात अवघड ते काय? हा माणूस कनातीच्या आत उभा राहून, समोर कुणी नसताना, सुशीलचा डागासकट चेहरा उतरवणारा. त्याला बायको काढायची होती, आणि तीही एका छपराखाली वैभवीच्या वयाएवढी वर्षं राहिलेली.

घरात ते एकटे. स्वयंपाक जमत नव्हता, मी डबा नेऊन द्यायची. पुढच्या खोलीत मशीनवर धूळ. गिऱ्हाईक बाया दारावरून परत जात. सर वाळत चालले होते. एकदा मी विचारलं, "ती परत यावी असं खरंच वाटतं का तुम्हाला, की लोकलाजेस्तव?"

"वाटते, मॅडम," ते म्हणाले. "तिच्याइतकं माह्याशी कोनी बोललं नाही. मी ऐकत नव्हतो, ती गोष्ट वेगळी."

मार्च उलटला. ऊन तापायला लागलं, टिनाच्या शेडमध्ये दुपारी बसवत नव्हतं, तरी ते बसत. एप्रिलात एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "झालं, मॅडम. तिला सांगायच्या आधी तुमी पाहून घ्या."

मी अक्षरशः चपला न घालता निघाले होते, गेटपासून परत फिरले. वर गेले. शेडची दोन्ही दारं उघडी होती. सरांनी दाढी केली होती. चित्रावरचं कापड त्यांनी बाजूला केलं.

हर्षा मशीनवर बसली होती. या वेळी पोतं नाही, सांगाडा नाही, सरळ साधी बाई. मान किंचित वळवलेली, आत्ताच मशीन थांबवून काही सांगणार अशी. ओठांची ती ठेवण, हसू येण्याआधीची. मी म्हटलं ना, मला चित्रातलं कळत नाही, पण माझे डोळे भरून आले. जमलं, असं तोंडातून निघणार होतं.

तिच्या पाठीवर वेणी होती. जाड, काळी, कमरेच्या खाली गेलेली. शेवटी लाल गोंडा.

माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काहून, काय झालं?"

"सर, ही वेणी..."

"तिची वेणी लई लंबी," ते उत्साहाने म्हणाले. "पाहायले गेलो होतो तवा पहिले तेच दिसलं होतं."

"सर, हर्षाला टायफॉइड झाला होता," मी म्हटलं. "वैभवी दहावीला होती तेव्हा. सगळे केस गेले तिचे. नंतर जे आले ते खांद्याच्या वर थांबले. ती तेव्हापासून क्लिप लावते. पुढून पांढरे झालेत, मेंदी लावते. वेणी नाही तिला. कितीतरी वर्षं नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं तिला. रात्र रात्र खुर्चीवर बसले होते, हे हर्षाच सगळ्यांना कौतुकाने सांगायची. ते आठवायला लागले. कपाळाला आठ्या, नजर चित्राच्या पलीकडे कुठेतरी. मी वाट पाहिली. माझी फार इच्छा होती की त्यांना आठवावं.

"मंग आता कशी दिसते ती?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगू शकले असते. क्लिप कुठल्या बाजूला, कानाजवळ केस कसे विरळ झालेत, सगळं. ते लगेच रंग घेऊन बसले असते आणि चित्र पूर्ण झालं असतं. पण मग ते मी पाहिलेलं चित्र झालं असतं. मी जिना उतरून खाली आले.

संध्याकाळी हर्षाचा फोन आला. सरांनी तिला कळवलं नव्हतं, माझ्याकडून अंदाज घ्यावा म्हणून तिनेच केला असावा.

"मॅडम, चित्र काढून राहिले ना ते? झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"कशी दिसून राहिली मी?"

खोटं बोलायला मलाही तितकंच सोपं होतं.

"सुंदर दिसतेस वं," मी म्हटलं. "कमरेपर्यंत वेणी आहे."

तिच्या मागे कुठेतरी भावाची पोरं भांडत होती, ती ऐकू येत होती. मग हर्षा म्हणाली, "बरं." आणि पुढे म्हणाली, "वैभवी बोलावून राहिली पुन्याले. तिथं फ्लॅटमध्ये जागा आहे म्हने. माही मशीन कोनी पार्सल करून देईल का, मॅडम?"